पायरी ओळखणे

आषाढ शुद्ध एकादशीला पंढरपुरात दोन प्रकारची दर्शने घडतात. एक दर्शन गाभाऱ्यातले. त्यासाठी वारकरी तासन् तास रांगेत उभा राहतो आणि अखेरीस क्षणभर विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून बाहेर पडतो. दुसरे दर्शन बाहेरचे. ज्याच्या अंगात रांगेत उभे राहण्याचे बळ उरलेले नाही, किंवा ज्याची पेरणी अर्धी राहिली आहे, असा वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, महाद्वाराशी येतो, कळसाकडे पाहून हात जोडतो, नामदेव पायरीवर मस्तक टेकवतो आणि वारी पावली अशा समाधानाने गावाची वाट धरतो. मूर्तीपर्यंत तो पोचलेला नसतो. परंतु आपले काही राहिले असे त्याला वाटत नाही. कळस हे देवळाचे सर्वांत उंच टोक आणि पायरी हे सर्वांत खालचे. या दोहोंत मिळून त्याला सगळा विठोबा भेटलेला असतो.

आमचे आयुष्य या क्षेत्रात गेले. कीर्तनाला उभे राहिलो की त्या पायरीचा उल्लेख कोठे ना कोठे येतोच, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्याविषयी सगळे बोलून झाले असे वाटत नाही. आजच्या पर्वकाळी त्या पायरीच्या आधाराने विनय या गुणाविषयी चार शब्द वाचकांच्या सेवेस सादर करावेत असे मनात आहे. ज्याची स्तुती सर्वजण करतात आणि जो आपल्या वाट्याला यावा असे फारसे कोणाला वाटत नाही, असा विनयासारखा दुसरा गुण आम्हांस ठाऊक नाही.

शब्द एक, अर्थ दोन

मराठीत 'पायरी' या शब्दाचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. पंढरीत पायरी म्हटली की डोळ्यांत पाणी येते. आणि गावात, कचेरीत वा घरात कोणी 'पायरी ओळखून राहा' म्हटले की त्याच डोळ्यांत दुसऱ्या कारणाने पाणी येते. 'पायरी सोडली', 'पायरीने वागावे', 'तुझी पायरी काय?' या बोलण्यांतली पायरी दुसऱ्याने नेमून दिलेली असते. ज्याला ती दिली त्याने तेथेच थांबावे, वर पाहू नये, अशी अपेक्षा असते. आणि तो थांबला तर त्याच्या त्या थांबण्यास 'विनय' हे सुंदर नाव द्यायला समाज मागेपुढे पाहत नाही.

संस्कृतात मात्र विनय शब्दाचा पाया वेगळा आहे. 'नी' म्हणजे नेणे. या धातूला 'वि' हा उपसर्ग लागून विनय शब्द झाला. विशेष रीतीने नेणे, वळण लावणे, शिस्त, शिक्षण हा त्याचा मूळ अर्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील पहिल्याच अधिकरणाचे नाव विनयाधिकारिक आहे, आणि त्यात राजाला विद्या कशी द्यावी, त्याने इंद्रियांवर जय कसा मिळवावा याचा विचार केला आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा जो पिटक, त्यालाही विनयपिटक म्हणतात. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा प्रजेला विनय देतो असे कालिदास म्हणतो, तेव्हा प्रजेला मान खाली घालायला लावतो असा त्याचा अर्थ नव्हे. तो तिला शिक्षण देतो, एवढाच अर्थ. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने विनय शिकण्याची पहिली जबाबदारी राजावर, म्हणजे ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर येते. व्यवहारात आम्ही हे चक्र नेमके उलटे फिरविले. सत्ता नसलेल्यांना विनय शिकविला आणि सत्तावंतांना सत्काराच्या शाली दिल्या.

'गरीब आहे बिचारा'

लोक विनयाकडे कसे पाहतात हे कळायला ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. चार माणसांचे बोलणे ऐकावे. विनयी माणसाला आपण रोजच्या बोलण्यात विनयी म्हणतच नाही. 'स्वभावाने गरीब आहे', 'साधा आहे', 'भोळा आहे' असे म्हणतो. जणू विनय ही एक प्रकारची उणीव आहे. जे दुसऱ्याजवळ आहे ते याच्याजवळ नाही, म्हणून हा वाकतो.

ही चूक आम्हीही केली आहे. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो. संस्कृतचा अभ्यास नुकताच पुरा झालेला, वाणीला धार आलेली आणि पोटात विद्येचा ताठा. एका खेड्यातल्या सप्ताहाचे आमंत्रण आले. सायंकाळच्या प्रवचनाआधी तेथल्या वृद्ध विणेकऱ्यांनी एक संस्कृत श्लोक म्हटला. त्यांचे दोन उच्चार चुकले. आम्ही भर मंडपात त्यांना थांबवून ते दुरुस्त केले. गळ्यात वीणा तशीच ठेवून ते वाकले आणि म्हणाले, "महाराज, पुन्हा एकवार सांगा. या वयात जीभ लवकर वळत नाही." आम्ही सांगितले. त्यांनी लहान मुलासारखा तो श्लोक तीनदा घोकला. मंडपात कोणी तरी कौतुकाने पुटपुटले, "म्हातारा फार गरीब आहे." आम्हांसही तसेच वाटले, आणि खरे सांगायचे तर जिंकल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते आमची पिशवी खांद्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत आले. आम्ही नको नको म्हणालो ते तोंडदेखले. पिशवी त्यांच्याच खांद्यावर राहिली. ते परतल्यावर थांब्यावरच्या एका शेतकऱ्याने सहज सांगितले की बाबांना सगळी ज्ञानेश्वरी तोंडपाठ आहे. नऊ हजारांवर ओव्या! आणि आम्ही आदल्या सायंकाळी समोर पोथी उघडी ठेवून त्याच ज्ञानेश्वरीवर तासभर बोललो होतो. मध्ये एक ओवी आम्ही अडखळत वाचली, तेव्हा ते शेजारीच उभे होते. त्यांनी आम्हांला थांबविले नव्हते.

गाडी आली, आम्ही चढलो. पण परतून जाऊन त्यांचे पाय धरावेत एवढे धैर्य त्या दिवशी झाले नाही. पुढे त्या गावी पुन्हा जाण्याचा योग आला तोवर बाबा राहिले नव्हते. हा सल अजून आहे. त्यांच्याजवळ काही कमी होते म्हणून ते वाकले नव्हते. त्यांच्याजवळ इतके होते की दोन उच्चारांची चूक कबूल केल्याने त्यातले काही कमी होणार नव्हते. वाकायची भीती होती ती आम्हांला, कारण आमची शिल्लक थोडी होती.

कागदावरचा विनय

दुसरा प्रकार याच्या उलट. विनय हा दागिना आहे असे समजून तो अंगावर घालणारे पुष्कळ. लग्नपत्रिकेखाली 'विनीत' लिहिलेले असते आणि मानपानावरून मांडवात भांडण पेटते. पत्राखाली 'आपला नम्र' असते आणि वरच्या मजकुरात दरडावणी. अलीकडे चौकाचौकांत फलक लागतात. संतांना 'विनम्र अभिवादन' असते, आणि अभिवादन करणाऱ्यांची छायाचित्रे संतांच्या चित्राहून मोठी! आम्हां कीर्तनकारांनी यावर हसू नये. 'हरिभक्तपरायण' हे बिरुद कोणी नावामागे लावायचे विसरला, तर आमच्यातल्या किती जणांच्या कपाळाला आठ्या पडतात हे आम्ही जवळून पाहिले आहे. 'मी पामर काय बोलणार' असा आरंभ करून दोन तास न थांबणारे वक्ते श्रोत्यांनीही पाहिले असतील.

खऱ्या आणि खोट्या विनयाची ओळख पटविण्यास एक साधी कसोटी आहे. जो स्वतःस अज्ञानी म्हणवतो त्याला दुसऱ्याने 'होय, आपण अज्ञानीच आहात' म्हणून पाहावे. चेहरा बदलला नाही तर विनय खरा. नाहीतर ते स्तुतीचे आमंत्रण होते, एवढेच समजावे.

विनय म्हणजे काम टाळणेही नव्हे. रघुवंशाच्या आरंभी कालिदास आपल्या बुद्धीच्या तोकडेपणाची कबुली देतो, लोक हसतील अशी भीती व्यक्त करतो, आणि मग एकोणीस सर्गांचे महाकाव्य लिहितो. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेवरील टीका पुरी केली आणि सारे श्रेय गुरु निवृत्तिनाथांच्या पायी ठेवले. त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, गीतेने ज्ञानाची लक्षणे सांगताना सर्वांत आधी 'अमानित्व' का घातले, याचे विवरण माउलींनी मोठ्या प्रेमाने केले आहे. त्याचा आशय असा की, ज्ञानी पुरुषाला प्रतिष्ठेचे ओझे होते. बृहस्पतीएवढे ज्ञान अंगी असूनही लोकांनी आपणांस वेडा समजावे आणि एकटे सोडावे, असे त्याला वाटते. त्या विणेकरी बाबांना ते विवरण पाठ होते. आम्हांला ते शिकविता येत होते. यातले अंतर किती, ते वाचकांनीच पाहावे.

कच्चे मडके

ज्यांच्या नावाने ती पायरी आहे, ते नामदेवराय जन्मतः विनयी होते असे आपण समजतो. संतचरित्रांची परंपरा तसे सांगत नाही. नामदेव विठ्ठलाचे लाडके. देव त्यांच्या हातचा नैवेद्य खाई, त्यांच्याशी बोले. त्या लाडकेपणाचा त्यांना सूक्ष्म अभिमान होता. संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी तेरच्या गोरोबाकाकांना सांगितले, "काका, आपण कुंभार, यांतली मडकी कोणती पक्की, कोणती कच्ची ते पाहा." काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे संत निवांत बसून राहिले. नामदेव मात्र रागावले. काकांनी निर्णय दिला : हे मडके कच्चे.

आम्ही ही कथा लावतो तेव्हा श्रोते हसतात, आणि हसावेच; परंतु त्या तरुण भक्ताच्या मनाची अवस्था आठवून पाहावी. ज्याला देव आपला म्हणतो, त्याला भर सभेत कच्चे म्हटले गेले. तो रडत देवाकडे गेला, तर देवानेही तोच निर्णय कायम केला आणि गुरूकडे जाण्यास सांगितले. परंपरा सांगते, औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी रागाने ते पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर जेथे पाय ठेवावेत तेथे पिंड! देव आपल्या एकट्याच्या मालकीचा नाही, हे तेथे त्यांना कळले.

पुढचे नामदेव वेगळे आहेत. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर ते उत्तरेत गेले. पंजाबातील घुमान येथे त्यांची स्मृती आजही जागी आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. दोन प्रदेशांनी ज्याला आपला मानला, अशा या पुरुषाने शेवटी काय मागितले? शके १२७२ मध्ये, म्हणजे इ.स. १३५० साली, पंढरीच्या महाद्वारी पायरीखाली जागा मागितली, का तर येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी. एके काळी थापटण्याची एक टपली ज्यांना सोसली नाही, त्यांनी हजारोंचे पाय मागून घेतले. विनय हा स्वभावाचा भाग नसून ते शिक्षण आहे, हा धातुपाठातला अर्थ नामदेवरायांच्या चरित्रात असा उतरला आहे.

आणि गंमत अशी की त्यांची ती इच्छा भाविकांनी पुरी होऊ दिली नाही. त्यांनी पाय मागितले. लोक तेथे मस्तक ठेवतात आणि पाय लागू नये म्हणून जपतात.

समोरची समाधी

इथवरचा भाग कीर्तनात सांगणे सोपे आहे. पुढचा सांगताना आमचा आवाज आजही खाली येतो.

नामदेव पायरीसमोर आणखी एक समाधी आहे, संत चोखामेळ्यांची. चोखोबा मंगळवेढ्याचे. शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, तेथल्या गावकुसाच्या बांधकामावर राबत असता भिंत कोसळली आणि त्याखाली ते व इतर मजूर गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते त्या चोखोबांच्या म्हणून नामदेवांनी ओळखल्या, पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

दोघेही महाद्वारी आहेत. दोघेही देवळाच्या आत नाहीत. येणारा भाविक दोघांनाही नमस्कार करतो आणि 'केवढी ही लीनता' म्हणून गहिवरतो. परंतु या दोन जागा सारख्या नाहीत. नामदेव आत जाऊ शकत होते आणि त्यांनी दारातली जागा निवडली. चोखोबांना आत जाण्यास मनाई होती. एकाने पायरी मागून घेतली; दुसऱ्याला पायरी दाखविण्यात आली. पहिल्या गोष्टीचे नाव विनय. दुसरीला विनय म्हणणे हा चोखोबांचा अपमान आहे, आणि आपल्या अपराधावर घातलेले पांघरूणही आहे.

चोखोबांच्या अंगी विनय नव्हता असे आमचे म्हणणे नाही. तो उदंड होता. पण तो त्यांच्या अभंगांत शोधावा, त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत शोधू नये. त्या घराने आपले दुःख लपविलेही नाही. सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. मुलगा कर्ममेळा याने आपल्या जन्माचा जाब सरळ देवाला विचारला. आणि वारकरी परंपरेने ते प्रश्न पुसून टाकले नाहीत, जपून ठेवले. तेव्हा विनयी माणसाने तक्रार करू नये हा नियम संतांचा नव्हे. तो ज्यांना तक्रार ऐकायची नाही त्यांचा आहे.

हे दार उघडायला सहा शतके लागली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आमरण उपोषणास बसले. 'श्यामची आई' लिहिणारा, आसवे आवरू न शकणारा हा मृदू मनुष्य. त्याच्या विनयाला दुबळेपणा समजणाऱ्यांना त्या दहा दिवसांत कळले की जो स्वतःसाठी काहीच मागत नाही त्याला हलविणे किती कठीण असते. १० मे रोजी उपोषण सुटले. मंदिर खुले करण्याचे ठरले. गुरुजींनी बाहेर उभ्या असलेल्यांना आणखी विनयी होण्यास सांगितले नव्हते. त्यांनी आत असलेल्यांकडे विनय मागितला : बाजूला सरका, वाट द्या.

आमचे वडील त्या वेळी सतरा वर्षांचे होते, गावातल्याच एका पाठशाळेत शिकत होते. उपोषणाच्या विरोधात बोलणाऱ्यांच्या घोळक्यात तेही उभे राहत. हे त्यांनी आम्हांस फार उशिरा सांगितले, आणि तेही आम्ही विचारले म्हणून. लहानपणी त्यांचे बोट धरून महाद्वारी जात असू, तेव्हा ते नामदेव पायरीकडे जाण्याआधी चोखोबांच्या समाधीशी थांबत. इतर वडीलधाऱ्यांचा क्रम तसा नव्हता. एकदा आम्ही विचारले, "दादा, आधी इथे का?" ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, नामदेवराय आपण होऊन पायरीत गेले. यांना आपण बाहेर ठेवले. त्या दिवसांत ठेवणाऱ्यांत मीही होतो. म्हणून आधी क्षमा मागायची, मग दर्शन घ्यायचे."

दादा शास्त्राचे मोठे जाणकार होते. पण विनयावरचे त्यांचे याहून मोठे प्रवचन आम्ही ऐकले नाही. आम्ही चुकलो होतो, एवढे मुलासमोर म्हणायला त्यांना किती वर्षे लागली असतील! आमचाही क्रम तेव्हापासून तोच आहे.

एकमेकांचे पाय

ज्यांना या गोष्टी जड वाटत असतील त्यांनी आज वाळवंटात जाऊन वारकऱ्यांच्या भेटी पाहाव्यात. दोन अनोळखी माणसे समोरासमोर येतात. 'माउली' म्हणतात आणि दोघेही एकाच वेळी वाकतात. सत्तर वर्षांचा म्हातारा सात वर्षांच्या टाळकऱ्याच्या पाया पडतो. कीर्तन संपले की श्रोते कीर्तनकाराच्या पाया पडतात आणि कीर्तनकारही त्यांच्या पाया पडतो. एकच वाकला आणि दुसरा ताठ राहिला तर ती वारकऱ्यांची भेट होत नाही. ही नुसती रीत नव्हे. 'पायरी ओळखून राहा' या जुन्या धमकीला वारकऱ्यांनी दिलेले ते उत्तर आहे. येथे प्रत्येकजण आपली पायरी आपणच ओळखतो, दुसऱ्याला ती दाखवीत नाही.

म्हणून आजच्या एकादशीस वाचकांपाशी एक मागणे आहे. घरी, शेतावर, कचेरीत, शाळेत, ज्यांच्याकडून आपण नमस्काराची अपेक्षा धरतो अशी माणसे प्रत्येकाला असतात. कोणाला सून असते, कोणाला शिष्य, कोणाला हाताखालचा शिपाई, कोणाला घरी कामाला येणारी बाई. त्यांच्या विनयाचे माप आज घेऊ नये. आपण त्यांच्यासाठी कोठे बाजूला सरकलो, कोठे वाट दिली, एवढे मोजावे. फराळाच्या ताटावर बसण्याआधी हा हिशेब झाला तर उपवास घडला असे समजावे.

आम्ही आज पहाटेच चंद्रभागेवरून परतताना महाद्वारी थांबू. पाय चालत आहेत तोवर क्रम बदलणार नाही : आधी चोखोबा, मग नामदेवराय, मग कळस. त्या विणेकरी बाबांची समाधी कोठे नाही. म्हणून त्यांच्यासाठीचा नमस्कार वाटेत भेटणाऱ्या पहिल्या वारकऱ्याच्या पायांवर ठेवू.